भरलेली टाकी

१

मोटर सुरू होत नाही असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: आवाज येतोय का? मोटर नुसती घुमतेय आणि जागची हलत नाही, तर दुखणं एक. फिरून लगेच बंद पडतेय, तर दुसरं. आणि काहीच आवाज नाही, तर तिसरं. निम्मा रोग फोनवरच कळतो. उरलेल्या निम्म्याला मल्टीमीटर आणि थोडा धीर लागतो.

मी विश्वजीत रंगारी. मूळचा अकोल्याचा, गेली सोळा वर्षं बहरीनमध्ये, मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. सकाळी सातला व्हॅन काढायची, दिवसभरात चार-पाच ठिकाणच्या मोटरी बघायच्या, संध्याकाळी जिदहफ्सला घरी. या कामात विजेची तेवढी धास्ती असते, आणि ती असायलाच हवी. दुसरी कसली भीती मला तोवर ठाऊक नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अरादहून फोन आला. तिथे किनाऱ्यालगत हमझा नावाच्या बहरीनी माणसाचं बोटी दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. फोनवर त्याचा फोरमन होता, अर्शदभाई. कोकणातल्या दाभोळचा माणूस, तीस वर्षं बोटी रंगवण्यात घालवलेला. कॉम्प्रेसर सुरू होत नाही, म्हणाले. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कसलाच आवाज नाही," ते म्हणाले. "बटण दाबतो, तर बसलाय गप्प."

जाऊन बघितलं. पत्र्याची मोठी शेड, आत ठोकळ्यांवर चढवलेल्या तीन बोटी, मागच्या कोपऱ्यात वीटकामाची छोटी खोली आणि तिच्यात कॉम्प्रेसर. तीनशे लिटरची आडवी टाकी, वर पंप, बाजूला मोटर, दोघांना जोडणारा पट्टा. स्प्रेगन, पॉलिशची हत्यारं, सगळं याच्याच हवेवर चालायचं. बोटीच्या पोटात उतरून रंग मारताना तोंडावर लावायचा, समोर काच असलेला मास्कसुद्धा. खोलीतून निघालेली निळी नळी फिल्टरमधून, भिंतीच्या कडेने थेट बोटीपर्यंत गेली होती.

मी मीटर लावला. तिन्ही फेज बरोबर. स्टार्टर चांगला, ओव्हरलोड ट्रिप झालेला नाही. मग सहज टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाकडे नजर गेली आणि हसू आलं. काटा आठावर होता.

टाकी भरलेली असली की प्रेशर स्विच मोटरला सुरूच होऊ देत नाही. तेच त्याचं काम. मी अर्शदभाईंना म्हटलं, पोटभर जेवलेल्या माणसाला पुन्हा ताट वाढलंत तर तो कसा जेवेल?

ते हसले नाहीत. काल संध्याकाळी टाकी आपण स्वतः रिकामी केली, असं त्यांनी सांगितलं. आत साचलेलं पाणी काढायला रोजच करतात. काटा शून्यावर आलेला त्यांनी बघितला होता, मेन स्विच बंद केला होता आणि खोलीची किल्ली त्यांच्याच कंबरेला होती.

२

माणसं विसरतात. रोजचं काम असलं तर जास्तच विसरतात. कालची आठवण परवाची असते. मी वाद घातला नाही. टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व उघडला. हवा फुसांडत बाहेर पडली आणि तिच्याबरोबर पाणी.

दमट हवा दाबली की पाणी सुटतंच. ते नेहमी तांबूस असतं, तेलकट वासाचं. हे स्वच्छ होतं. सवयीने मी दोन थेंब बोटावर घेऊन हुंगले. समुद्राचा वास आला. समुद्र शंभर पावलांवर होता, तेव्हा त्यात नवल नव्हतं, असं मी त्या वेळी धरून चाललो. बोट पुसताना मात्र चरचरलं. वाळूचे दोन बारीक कण होते.

काटा चारच्या खाली येताच मोटर आपोआप सुरू झाली. एका दमात, कुठेही न अडखळता. करंट मोजला, तोही हवा तेवढाच. मी रिपोर्टवर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि निघालो. अर्शदभाई दारापर्यंत आले. आणखी काही सांगायचं असावं असं वाटलं, पण त्यांनी फक्त चहाचं विचारलं.

३

तीन दिवसांनी पुन्हा फोन. तीच तक्रार. या वेळी हमझाही तिथे होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याचं घर शेडला चिकटूनच. इंग्रजी आणि हिंदीची भेसळ करत त्याने सांगितलं की पंप चालला की त्याच्या पलंगापर्यंत हादरा येतो. तीन दिवसांत कामाच्या वेळेबाहेर पंप एकदाही चालला नाही.

काटा आठावर होता.

मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा. टाकी पूर्ण रिकामी केली, काटा शून्यावर आल्यावर व्हॉल्व बंद केला. मेन स्विच पाडला, त्याला माझं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. वर मोटरचा पट्टाही काढून भिंतीला टांगला. आता मोटर फिरली असती तरी पंप फिरला नसता.

दुपारच्या उन्हात हमझा सगळ्यांना सोडायचा. माणसं जेवायला, पडायला खोल्यांवर गेली. मी स्टूल ओढून डबा उघडला. पत्रे तापून कुडकुड वाजत होते. विमानतळावरून एक विमान उठलं आणि त्याचा आवाज बराच वेळ पत्र्यात राहिला. मग तो गेला. मग पत्र्यांची कुडकुडही थांबली. तेव्हा टाकीच्या आतून आवाज आला.

कोणीतरी नाकाने लांब श्वास ओढावा, तसा. काटा थरथरला आणि शून्य आणि एकच्या मध्ये जाऊन थांबला.

मग काहीच नाही. फार वेळ काहीच नाही. इतका वेळ, की माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले आणि लक्षात आलं की मी स्वतःच श्वास धरून बसलोय. मी श्वास सोडला. टाकीने दुसरा ओढला. काटा एकावर.

मी डोकं चालवायला सुरुवात केली. ऊन? बंद टाकीतली हवा तापून फुगली तर काटा केसभर हलेल. एवढा नाही. पंपाकडून? पट्टा समोर भिंतीवर होता. राहिली निळी नळी. पण नळीतली हवा टाकीतून मास्ककडे जाते, मास्ककडून टाकीकडे येत नाही. वाटेतला झडपेचा पडदा तिला उलट येऊच देत नाही.

काटा दोनवर आला तेव्हा मी उठलो आणि नळीच्या कडेकडेने गेलो. ती मधल्या बोटीच्या शिडीवरून चढून झाकणातून आत उतरली होती. आत, खिळ्याला, मास्क टांगलेला होता. त्याची काच आतून धुरकटलेली होती.

बाहेर बेचाळीस डिग्री. बोटीच्या पोटात त्याहून जास्त. अशा उकाड्यात काचेवर वाफ धरत नाही. मी हात आत घालून काचेला बोट लावलं. थंड होती. आणि मी बघत असताना तो धुरकट डाग आकसला, थोडा थांबला, आणि पुन्हा पसरला.

मी शिडीवरून खाली उतरलो. पळालो नाही. व्हॅनपर्यंत चालत गेलो, एसी लावला आणि चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिलो. मग माणसं परतल्यावर पट्टा चढवला, कुलूप काढलं आणि निघालो.

४

"काहून जेवून नाही राहिले?" घरी श्रद्धाने विचारलं. माझी बायको एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते; लोक आल्या-आल्या त्यांच्या चेहऱ्यावरून किती दुखतंय ते ओळखते. मी सगळं सांगितलं.

आमच्याकडे भुताखेतांना थारा नव्हता. माझे वडील किसनराव म्हणायचे, जे समजत नाही ते तारीख-वेळ घालून वहीत लिहा. त्याला लिंबू बांधू नका. म्हणून मी वही काढली आणि काटा किती वाजता कुठे होता ते लिहून काढलं. काचेचंही लिहिलं. लिहिल्यावर ते आणखी वाईट दिसायला लागलं.

आमची श्रावस्ती तिथेच अभ्यास करत होती. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट एअर."

 भांडी आवरून झाल्यावर श्रद्धा समोर येऊन बसली.

"मला एक सांगा. ते टाकी भरून राहिलं ना? रिकामी तर नाही करून राहिलं?"

मी हो म्हटलं.

"त्याले त्रास द्यायचा असता तर त्यानं रिकामी केली असती."

 त्या दिवशी पहिल्यांदा मी पाठ टेकून बसलो.

५

दुसऱ्या दिवशी मी हमझाला स्पष्ट सांगितलं. हवा कुठून येते हे कळेपर्यंत त्या कॉम्प्रेसरवर मास्क चालवायचा नाही. स्प्रेगन, पॉलिश चालेल. माणसाने श्वास घ्यायचा नाही. काचेचं बोललो नाही. हवा उलटी येतेय, एवढंच म्हणालो. हमझाने लगेच मानलं. नवा कॉम्प्रेसर त्याने आधीच मागवला होता, तो शनिवारी येणार होता. गुरुवारी दुपारी, माणसं नसताना, जुना उघडून बघायची परवानगीही त्याने दिली.

अर्शदभाई शेजारी उभे राहून ऐकत होते. शुक्रवारी त्यांची लीव सुरू होणार होती. मुलीचा, अकीलाचा, निकाह पुढच्या आठवड्यात दाभोळला होता. मधल्या बोटीच्या पोटातला शेवटचा हात तेवढा राहिला होता, आणि हातातलं काम अर्धं टाकून जाणारा तो माणूस नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी ते गप्प राहिले, याचा अर्थ मी होकार असाच घेतला.

गुरुवारी सव्वाबाराला पोचलो. शेड रिकामी. आणि दारातच पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला, ज्याबद्दल मी फोनवर विचारत असतो. मोटर घुमत होती आणि फिरत नव्हती. खोलीत तापलेल्या वार्निशचा वास भरला होता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि वरून येणाऱ्या तारांना मीटर लावून तपासलं. येणाऱ्या तिन्ही फेज ठीक होत्या. पण मेन स्विचच्या आत एका तारेचं टोक सैल होऊन जळलं होतं. तीनपैकी दोनच फेज मोटरला मिळत होत्या. दोन पायांवर मोटर उठत नाही, नुसती कण्हते.

इतका साधा, पुस्तकातला रोग बघून मला खरंच बरं वाटलं. वाटलं, बाकी सगळ्याचं उत्तरही असंच कुठेतरी निघेल. मेन स्विच दुरुस्त करून आज पंपाची झडपही उघडायची होती, आणि झडप उघडण्याआधी टाकी रिकामी करायची, हा नियम. मी ड्रेन व्हॉल्व पूर्ण उघडला. हवा फुसांडायला लागली.

दुपारच्या वेळी, शेडमध्ये कोणी नसताना, मोटर चालू कोणी केली होती? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

एवढी टाकी चार मिनिटांत रिकामी होते. मी जळलेलं टोक कापलं, तार सोलली, नवी टोपी दाबून बसवली, स्क्रू आवळले. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग जाणवलं की मागची फुसफुस तशीच चालू आहे. त्याच पट्टीत.

वळून बघितलं. काटा सहावर होता.

व्हॉल्व पूर्ण उघडा होता. खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि ते दारापर्यंत गेलं होतं. मी टाकीवर हात ठेवला. ती गार होती, आणि हाताखाली काहीतरी होत होतं; लोखंड फुगत नव्हतं, पण फुगतंय असं तळहाताला कळत होतं. लांब ओढ. थांबा. लांब सोड. दर वेळी काटा केसभर खाली यायचा, आणि दर वेळी पुन्हा सहावर नेऊन ठेवला जायचा. कोणीतरी पाठीने दार अडवून धरावं, तसं.

भीतीने माझा हात तिथून सुटेना. म्हणूनच मला दुसरा आवाज ऐकू आला.

तो निळ्या नळीतून येत होता. फार बारीक, तुटक, घाईचा. पहिल्याच्या मागून धडपडत येणारा. पहिला थांबायचा, त्याची वाट बघायचा, आणि मग पुढचा लांब श्वास घ्यायचा.

६

शिडी कधी चढलो ते आठवत नाही. झाकण उघडंच होतं. रंगाचा उग्र भपकारा नाकात गेला. खाली अर्शदभाई कुशीवर पडले होते. अंगावर पांढरा डगला, तोंडावर मास्क, हातात ब्रश तसाच.

नियमाने मी आत उतरायला नको होतं. मी हमझाला दोनदा जोराने हाक मारली, छाती भरून घेतली आणि उतरलो. त्यांच्या काखेत हात घालून उचलायला गेलो तर उचलेना. ऐंशी किलोंचा माणूस, उकाड्याने शुद्ध हरपलेला. त्यांचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. मास्कमधून हवा मात्र येत होती, थंडगार. माझ्या मनगटावर लागली. दाब उतरला की वाजणारी शिट्टी मास्कला होती, आणि ती एकदाही वाजलेली नव्हती.

तेवढ्यात वर हमझाचं डोकं दिसलं. त्याने दोर टाकला. मी तो त्यांच्या छातीभोवती बांधला, आणि वरून तो ओढत, खालून मी रेटत, आम्ही त्यांना झाकणापर्यंत आणलं. तिथे मास्क अडकला. हमझाने तो सोडवून खाली टाकला आणि त्यांना बाहेर घेतलं.

माझी छाती फुटायला आली होती. शिडीच्या वरच्या पायरीवरून मी एकदाच खाली बघितलं. बघायला नको होतं, असं आता म्हणत नाही.

मास्क पालथा न पडता उताणा पडला होता. काच आतून पांढरी झालेली. मग त्या वाफेवरून, आतल्याच बाजूने, कोणीतरी हात फिरवला. गाडीच्या काचेवरून आपण फिरवतो तसा, बाहेर बघण्यासाठी. स्वच्छ झालेल्या पट्ट्यात मला काय दिसलं ते मी वहीतही लिहिलेलं नाही. एवढंच सांगतो की तिथे ओलं होतं, आणि तिथून माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्यावरून, झाकणातून येणाऱ्या उन्हाकडे बघणं चाललं होतं.

मी बाहेर आलो. अर्शदभाई सावलीत आडवे होते, हमझा त्यांच्यावर पाणी ओतत होता आणि फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होता. अर्शदभाईंना खोकला आला, आणि त्यांनी स्वतःहून श्वास घेतला.

त्याच क्षणी कॉम्प्रेसरच्या खोलीतली फुसफुस थांबली. हळूहळू विझली नाही. हातातलं ओझं खाली ठेवावं तशी थांबली.

७

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका. फुप्फुसात रंगाची वाफ गेलेली नाही, हे नशीब. शनिवारी अर्शदभाईंना भेटायला गेलो. विमान सोमवारचं करून घेतलं होतं, निकाह चुकणार नव्हता. त्यांच्या उशाशी हमझाने आणलेल्या खजुराचा डबा होता. तो दोन्ही दिवस येऊन बसला होता, म्हणाले.

मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरलो. सरळ सांगितलं की टाकीचा व्हॉल्व मी उघडला होता. तुम्ही आत आहात हे न बघता. चार मिनिटांत तुमची हवा संपली असती, आणि ती मी संपवली असती.

 ते म्हणाले, नको म्हटलेलं असताना मोटर लावून आत उतरलो मी. शेवटचा हात राहिला होता. तुमच्या एकट्याच्या माथी कशाला?

"पण हवा संपली नाही," मी म्हटलं.

"नाही." ते उठून बसले. दाराकडे बघितलं. "आत कोणतरी होतं, विश्वजीतभाऊ. डोळ्यांसमोर अंधारी आली तेव्हा वाटलं, बुडालो. लहानपणी खाडीत बुडत होतो एकदा, तसंच. हातपाय मारायला लागलो. तर मागून मला घट्ट धरलंन. काही बोलत नव्हता. नुसता श्वास घेत होता, सावकाश. मग मी पण त्याच्यासारखा घ्यायला लागलो. चुकलो की तो थांबायचा."

मी टाकीवरच्या माझ्या हाताबद्दल त्यांना काही सांगितलं नाही.

"एकदाच बोलला. बाहेर उजेड आहे का, विचारलं."

माझ्यातला मीटरवाला अजून जिवंत होता. मी विचारलं, कुठल्या भाषेत?

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. "आता तुम्ही विचारलंत म्हणून कळतंय. भाषा नव्हती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, आहे. लख्ख ऊन आहे. तू पण चल."

नर्स आली आणि त्यांचा ताप बघून गेली. ती गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"त्याला आतच ठेवून आलो आपण," ते म्हणाले.

८

रविवारी सकाळी सातलाच मी अरादला गेलो. नवा कॉम्प्रेसर खोलीत बसला होता. जुना पाइप तोडून शेडच्या मध्यावर काढून ठेवलेला. मोटर, पंप उतरवलेले. नुसती टाकी, भोकांना बुचं मारलेली, आणि वर काटा, शून्यावर. नऊ वाजता भंगारवाला येणार होता.

मी हमझाला म्हटलं, अर्धा तास दे. ही बाहेर उन्हात न्यायची आहे.

त्याने कशाला, असं विचारलं नाही. दवाखान्यात अर्शदभाईंनी त्यालाही सांगितलं असणार. त्याने ड्रायव्हरला फोर्कलिफ्ट काढायला लावली, स्वतः पुढे चालत वाट दाखवली, आणि शेडमागे, जिथे काँक्रीट संपून किनाऱ्याची वाळू लागते, तिथे टाकी टेकवली. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, ऊन सगळीकडे. टाकीचा हिरवा रंग उन्हात जुना आणि गरीब दिसत होता.

मी गुडघे टेकून बसलो. काटा शून्यावर, म्हणजे आत काही नाही. व्हॉल्व उघडला तर काही होणार नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी हात पुसायच्या चिंधीतला एक धागा काढून मी व्हॉल्वच्या तोंडाशी धरला.  हमझा माझ्या मागे उभा होता. मी व्हॉल्व उघडला.

हवा बाहेर आली नाही. आत गेली.

धागा ताठ झाला आणि व्हॉल्वच्या तोंडाला चिकटला. त्या टाकीने श्वास घेतला, मोठ्याने, तोंड उघडून, खोल पाण्यातून वर आलेला माणूस पहिला घेतो तसा. संपतच नव्हता तो. फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. माझीही छाती त्याच्याबरोबर भरत गेली, वर, आणखी वर, आणि किती दिवसांनी भरतेय असं वाटलं.

मग क्षणभर थांबून तो श्वास बाहेर आला. माझ्या तळहातावर. ऊबदार होता, ओलसर होता. मी हात काढला नाही. घाबरायचं मला सुचलंच नाही.

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. दर वेळी थोडा आखूड, थोडा सोपा. धाप लागलेला माणूस बसून विसावतो, मग उठून चालायला लागतो, तसा. मग इतका हलका झाला की तो कुठला आणि लांबच्या पाण्याचा कुठला, ते मला सांगता येईना. धागा सुटला आणि वाऱ्याबरोबर वाळूवर जाऊन पडला.

 शेवटी हमझाने अगदी हळू आवाजात विचारलं, "खलास?"

मी टाकीवर हात ठेवला. लोखंड उन्हाने तापायला लागलं होतं, कुठलंही लोखंड तापतं तसं.

"हो," मी म्हटलं. "गेला."